फातोर्ड्याच्या पराभवाचं खापर

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावच्या फातोर्डा मैदानावर विंगर छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली होती. तरी सिंगापूरने पात्रता फेरीचा हा फुटबॉल सामना २-१ असा जिंकला आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार भारतासाठी बंद झालं.

चाहत्यांत वाद पेटला. कुणी प्रशिक्षक खालिद जमील यांना धारेवर धरलं, कुणी ज्येष्ठ आघाडीपटू सुनील छेत्रीच्या वयावर बोट ठेवलं. पण जमील ऑगस्टमध्येच आलेले. आणि निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, खरं दुखणं तिथेच आहे. इंडियन सुपर लीगमधले (आयएसएल) बहुतेक क्लब गोल करायची जबाबदारी परदेशी खेळाडूंवर सोपवतात. मग भारतीय पोरांनी आघाडीवर खेळायला शिकायचं कुठे?

त्यात लीगचा हंगामही तेव्हा करारांच्या घोळात अडकलेला. या सगळ्याचा जाब जमील यांच्याआधी भारतीय फुटबॉल महासंघाने द्यायला हवा.