पडलेल्या झाडाचा हिशेब



तोडलेल्या झाडाचे काय करावे, हा प्रश्न सुताराचा की धर्माचा? माउली, तुम्ही म्हणाल, झाड तोडू नये हा धर्म. तोडल्यावर उरते ते लाकूड, आणि लाकूड सुताराने पाहावे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात ही वाटणी इतकी सरळ राहत नाही. साग, ऐन, खैर, मोह, जांभूळ यांच्या आधाराने जगलेला हा मुलूख. इथे रस्त्यासाठी झाडे जातात. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. नव्या घराच्या पायासाठी आंबा जातो, वळवाच्या वाऱ्यात जुना फणस उन्मळतो. झाड पडले की दोन दिवस हळहळ होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी कुऱ्हाड घेऊन येतो, ढलप्या पाडतो, आणि आजोबांच्या आजोबांनी पाहिलेला बुंधा चुलीत नाहीतर वीटभट्टीत जातो.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना ज्ञानोबारायांनी वृक्षाचा दृष्टांत दिला आहे. लावणारा असो वा घाव घालणारा, झाड दोघांना सारखीच सावली देते. कीर्तनात हा दृष्टांत आला की आपण मान डोलावतो. पण ते वर्णन भक्ताचे आहे. घाव घालणाऱ्याचे पुढे काय, हा तिथला विषयच नव्हे. झाडाने क्षमा केली म्हणून कुऱ्हाडवाल्याचे देणे फिटले, असा अर्थ काढणे सोयीचे आहे, खरे नाही. तुकोबारायांनी खतपत्रे इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. ते सावकाराचे मोठेपण. ज्याचे कर्ज बुडाले त्याने ते आपले पुण्य समजावे काय?

मग देणे फेडायचे कसे? निदान आणखी वाढवू नये, एवढे तरी हातात असते. इथे सुताराच्या आणि आरागिरणीच्या गोष्टी ऐकाव्या लागतात, कंटाळू नका.

पूर्वी करवत झाडापाशी जात असे. खड्ड्यावर किंवा घोडीवर ओंडका चढवायचा, एक जण वर, एक खाली, आणि दोघांनी मिळून करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याच्या कंबरेत कळ. दिवसभरात निघतील तेवढ्या फळ्या. पुढे आरागिरण्या आल्या आणि ओंडका करवतीकडे जाऊ लागला. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये आता हलवता येणाऱ्या करवती आहेत. रुळांसारख्या दोन पट्ट्यांमध्ये ओंडका निश्चल पडून राहतो आणि इंजिनावरचे पाते त्याच्या अंगावरून सरकते. म्हणजे फिरून जुनीच रीत आली, फक्त खड्ड्यातला माणूस सुटला.

पात्यात मात्र फरक असतो. चौरस केलेला, 36 सेंटीमीटर जाडीचा ओंडका घ्या आणि अडीच सेंटीमीटरच्या फळ्या काढा. बॅन्डसॉचे पाते प्रत्येक कापाला साधारण 3 मिलिमीटर लाकूड खाते, चेनसॉ 9 च्या आसपास. पहिल्याने 12 फळ्या निघतात, दुसरीने 10. त्या दोन फळ्या वाढायला झाडाला किती वर्षे लागली असतील? त्यांचा भुसा झाला, आणि तोही बहुधा कोणी उचलत नाही. कुऱ्हाडीने ढलप्या पाडणाऱ्याकडे तर एकही फळी नाही.

कापून झाले म्हणजे झाले असेही नाही. ओल्या लाकडात पाणी भरलेले असते. फळ्या उन्हात टाकल्या की टोकांकडून तडकतात, कारण टोके आधी सुकतात. म्हणून टोकांना रंग फासायचा, जमिनीपासून उंच, सावलीत थर रचायचे, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या. जुना अंदाज असा की इंचभर जाडीला वर्षभर. एवढा धीर नाही म्हणून ओल्या फळीचा दरवाजा होतो, दोन वर्षांत वाकडा होतो आणि पुढच्या दरवाजासाठी पुढचे झाड जाते. मला तर या घाईत कुऱ्हाडीइतकीच हिंसा दिसते.

आता दुसरी बाजू. अशी करवत गावोगाव फिरू लागली तर? सरकारला हीच भीती आहे, आणि ती खोटी नाही. बसलेल्या आरागिरणीत नोंदवही असते, माल कुठून आला ते विचारता येते. फिरती करवत रात्री येईल, सकाळी नसेल. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली जंगलतोडीला लगाम घातला आणि 2002 साली विनापरवाना आरागिरण्या बंद करायला सांगितले. आपल्या राज्यात 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशी झाडे आहेत. स्वतःच्या मालकीचे असले तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. सागाचा माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. शेतकरी या कागदांना कंटाळतो, तेही मी समजू शकतो. पण पडलेल्या झाडाला भाव आला की झाडे जास्त पडू लागतात, हे कोणत्याही रानालगतच्या गावाला विचारा. बुंध्याभोवती सालीचे कडे काढले की उभे झाड वाळते. मग ते "वाळलेले होते" म्हणून तोडायचे. अशा फळीवर रंधा कितीही सुंदर फिरवा.

म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकीत तोडीचा जमाखर्च, दुसरीत वापराचा. दुसरीतली शिल्लक पहिलीत ओढता येत नाही. हे सर्वांत अवघड जाते ते देवळाच्या कामात. गावात विठ्ठल-रखुमाईचा सभामंडप उभा राहतो आणि कोणीतरी म्हणतो, देवाच्या कामाला तोडले, पाप कसले. माउली, आपल्या गळ्यातली माळ तुळशीच्या लाकडाची, हातातल्या चिपळ्या लाकडाच्या, पखवाजाचे खोड एका ओंडक्यातून कोरलेले. लाकूडच नको म्हटले तर भजन थांबेल. तरी देवाच्या नावावर झाडाला सूट मागणे मला पटत नाही. उलट देवाच्या कामात हिशेब अधिक कडक हवा. बांधावर कोणता आंबा वाऱ्याने पडला आहे, हे आधी पाहावे; उभ्या सागाकडे नंतर.

आळंदीचा अजानवृक्ष तुम्ही पाहिला असेल. त्याची मुळी समाधीत ज्ञानोबारायांच्या कंठाला लागली आणि नाथमहाराजांनी जाऊन ती दूर केली, अशी कथा आहे. नाथमहाराज समाधीपर्यंत पोहोचले होते, कारणही याहून मोठे कोणते असणार? तरी टोचणारी मुळी तेवढी काढली. झाड राहू दिले.

आपल्या भातशेतीतल्या राबालाही हीच मर्यादा आहे. ऐनाच्या फांद्या छाटून राब भाजतात, पण जाणता शेतकरी शेंडा राखतो, म्हणून पुढच्या वर्षी झाड पुन्हा फांद्या देते.

आणि तोड परवानगीने, खरोखर गरजेपोटीच झाली असेल, तर सागाचे बूड विसरू नका. जमिनीलगत, थोडा उतार ठेवून, साल न फाटता घाव घेतला असेल तर पावसाळ्यात त्यातून धुमारे फुटतात, पाच-सात एकदम. पुढच्या वर्षी त्यांतला सरळ आणि जोमदार एक ठेवायचा, बाकीचे काढायचे. भोवती करवंदीच्या काटेरी फांद्या लावायच्या, शेळ्यांचे तोंड पोहोचणार नाही इतका तो वर जाईपर्यंत.