सायरन फुकट मिळतो म्हणून

मुरगूड, ता. कागल

चि. भाचेबुवांस,

तू पाठवलेली फाइल हेडफोन लावून नीट ऐकली. तुझी आई स्पीकरवर लावा म्हणून मागं लागली होती. तिला म्हटलं, ताई, आत काय आहे ते आधी मला बघू दे. तसं केलं ते बरंच झालं. सुरुवातीलाच हवाई हल्ल्याचा सायरन, मग फैरी, मग २६/११ च्या अतिरेक्यांना फोनवरून हुकूम देणाऱ्याचा आवाज, पाठीमागं आरती, तिच्यावर चढवलेली अजान, आणि शेवटी सगळं गिळून टाकणारा बास. कोपऱ्यातला कॉट हलला असता.

आधी चांगलं सांगतो. आरतीतल्या टाळांचा नाद तू ताणत ताणत नेलास, इतका की टाळ हरवले आणि नुसती धातूची थरथर उरली, ती जागा फार सुरेख झाली आहे. रेडिओत आमचं आयुष्य पाव इंची टेप ब्लेडनं तिरकी कापून जोडण्यात गेलं. असली जागा साधायला आम्हाला रात्र पुरली नसती. तुझा कान तयार आहे. म्हणूनच पुढचं लिहितो, नाहीतर 'छान' म्हणून मोकळा झालो असतो.

सायरनपासून सुरू करू. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना वृत्तवाहिन्या दर बातमीला सायरन वाजवत होत्या, आठवतंय ना? शेवटी १० मे रोजी सरकारला वाहिन्यांना कळवावं लागलं की नागरी संरक्षणाचा सायरन कार्यक्रमात वापरू नका. कारण साधं होतं. दिवसभर टीव्हीवर तोच आवाज ऐकून लोकांचे कान निर्ढावले, तर खरा वाजेल त्या दिवशी कुणी जागचं हलणार नाही. तुझ्या ट्रॅकमध्ये सायरन तेच काम करतो जे त्या वाहिन्यांवर करत होता. भीती तयार मिळते, आणि संगीतकाराला काही करावं लागत नाही. इंटरनेटवर फुकट मिळतो म्हणून तो घ्यायचा का? तुला भोंगाच हवा असेल तर हंगामात बिद्रीला नाहीतर हमीदवाड्याला जा आणि साखर कारखान्याचा भोंगा रेकॉर्ड कर. पाळी बदलल्याचा तो आवाज इथल्या माणसाच्या अंगात मुरलेला आहे. तो हळूहळू बिघडवत सायरनपर्यंत नेलास तर ऐकणाऱ्याला कळणारही नाही की पोटात गोळा कधी आला.

आता तो फोनवरचा आवाज. त्या टेप जगभरच्या माहितीपटांतून वाजल्या, त्यामुळे तुला वाटलं असेल की त्या सगळ्यांच्याच झाल्या. पण विचार कर, सबंध ट्रॅकमध्ये स्पष्ट ऐकू येणारं एकच माणसाचं बोलणं आहे आणि ते मारायला सांगणाऱ्याचं आहे. २६/११ च्याच रात्री मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या केबिनमध्ये होते. समोर गोळीबार दिसला तरी त्यांनी माइक सोडला नाही. पुन्हा पुन्हा घोषणा करून प्रवाशांना मागच्या बाजूनं बाहेर काढत राहिले. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारा आवाज, तोच फलाटावरचा स्पीकर, आणि त्यातून वाचलेली माणसं. ध्वनीवर काम करणाऱ्याला यापेक्षा मोठा विषय कुठला मिळणार? घोषणेच्या या एका प्रकारावर तुला अख्खा ट्रॅक बांधता येईल. कुठल्याही एसटी स्टँडावर तासभर बसलास तरी माल मिळेल.

संगीतकार स्टीव्ह राइशचं उदाहरण बघ. 'डब्ल्यूटीसी ९/११' मध्ये त्यानं हवाई संरक्षण खात्यातले आणि अग्निशमन दलातले त्या दिवसाचे आवाज घेतले, आणि शेजाऱ्यांना पुन्हा भेटून बोलतं केलं. त्याचं स्वतःचं घर मनोऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्या सकाळी मुलगा-सून-नात तिथंच होती. माणसाच्या बोलण्याचा शेवटचा स्वर तो लांबवतो आणि व्हायोलिनमध्ये सोडून देतो. त्यात एक फैर नाही. एवढं जपून केलेलं काम, तरी २०११ मध्ये अल्बमच्या मुखपृष्ठावर मनोऱ्याकडे झेपावणारं विमान छापलं तेव्हा लोक चिडले आणि ते चित्र बदलावं लागलं.

तुझ्या आवडत्या, मँचेस्टरच्या संगीतकार ब्रिन जोन्सबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे तू लगेच फोन करणार नाहीस. १९८२ मध्ये इस्राएलनं लेबनॉनवर केलेल्या आक्रमणानं तो पेटला, 'मुस्लिमगॉझ' हे नाव घेतलं आणि १९९९ मध्ये सदतिसाव्या वर्षी जाईपर्यंत नुसता अल्बम काढत राहिला. त्याचं ढोलकाम अस्सल आहे. पण तो मुसलमान नव्हता आणि त्या मुलखात कधी गेलाही नाही. गाण्यांना बोल नाहीत, म्हणून सगळं राजकारण शीर्षकांत आणि मुखपृष्ठांवर. 'व्होट हिजबुल्ला' असं नाव मँचेस्टरच्या खोलीत बसून देणं सोपं असतं. तुला ती सोय नाही. तुझ्या गल्लीत दोन्हीकडची माणसं राहतात.

अजानीचंही तेच. ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न या संगीतकारांनी १९८१ च्या अल्बममध्ये अल्जीरियातलं कुराणपठण वापरलं होतं. ब्रिटनमधल्या मुस्लिम संघटनेनं हरकत घेतल्यावर पुढच्या आवृत्तीतून तो तुकडा काढला गेला. हे दोघं काही टवाळ नव्हते. त्यांना ते पठण आवडलं होतं, एवढंच. आवडणं पुरत नाही, बाबा. विचारावं लागतं. आपल्या जिल्ह्यात कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. ती माणसं एकमेकांना विचारूनच हे चालवत आली. तुला अजान हवी असेल तर जो देतो त्याच्यासमोर बस, काय करणार ते सांग, ऐकव. 'नको' म्हणाला तर नको. आणि हाच नियम आरतीला. ती आपली आहे म्हणून तिची वाट्टेल तशी मोडतोड करायची मोकळीक मिळत नाही.

खरी काळजी आहे ती तुझ्या निरोपातल्या शेवटच्या ओळीची. 'मंडळाच्या पोरांना मिरवणुकीसाठी ड्रॉप काढून देतोय' असं तू सहज लिहिलंस. ते करू नकोस. इथं मी मामा म्हणून बोलतोय, रसिक म्हणून नाही.

हेडफोनमधला ट्रॅक आणि ट्रॉलीवर रचलेल्या डॉल्बीतला ट्रॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि मिरवणुकीतला बास छातीत घुसतो तेव्हा ऐकणं संपलेलं असतं. त्यात पुढं नाचणारी पोरं, बाजूला मशीद, आणि वर तुझ्या फैरी आणि अजान. तू शांततेसाठी केलंस हे तिथं कुणाला कळणार? जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवर टिपू सुलतानच्या चित्राला जोडलेल्या आक्षेपार्ह ऑडिओवरून कोल्हापूर बंद झालं, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडावं लागलं. आवाजाचा तुकडा केवढा, आणि झालं केवढं.

लढाईचं गाणं आपल्याला नवं नाही. कोल्हापुरात पिराजीराव सरनाईकांसारखा शाहीर होऊन गेला, मर्दानी खेळाला आजही हलगी कडाडते. पण शाहीर फडावर तोंड दाखवून उभा राहतो. शब्द चुकला तर समोरचा म्हातारा उठून थांबवतो. ट्रॉलीवर वाजणाऱ्या मिक्सला तोंड नसतं. कुणी केलं, कुठून आलं, पत्ता नाही. मंडळाला काही द्यायचंच असेल तर आदमापूरच्या ढोल-कैताळावर काहीतरी बांधून दे. अमावस्येला बाळूमामाच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत चार माइक घेऊन उभा राहा, आधी ढोलवाल्यांशी बोल, त्यांची बिदागी ठरव आणि श्रेयात त्यांची नावं घाल. कैताळ जवळून घेऊ नकोस, आवाज फुटेल. दहा-बारा पावलं मागं सर.

शीर्षक 'जिहाद-धर्मयुद्ध' ठेवणार म्हणालास. ते बदल. असं नाव वाचून जे ऐकायला येतील त्यांना टाळांची ती थरथर ऐकू येणार नाही आणि बाकीचे ऐकायला येणारच नाहीत. दुसरं सुचलं की पोस्टर करायच्या आधी कळव. फोनवाला भाग काढून नवी फाइल पाठव, ती आपण ताईला स्पीकरवर ऐकवू. आणि हो, आवाज दाबून एमपीथ्री करू नकोस, वेव्ह पाठव.

तुझा,
मामा