पदांचा हिशेब

मराठी संगीत नाटकाविषयीचे लेखन बहुतांशी दोन स्वतंत्र प्रवाहांतून झाले आहे. संगीताचे अभ्यासक कोणते पद कोणत्या रागातले, ते कोणत्या बंदिशीवरून किंवा कोणाच्या गायकीवरून आले याचा शोध घेतात, तर नाट्येतिहासकार आणि नटांची आत्मचरित्रे मंडळ्यांची स्थापना, भागीदारांतील बेबनाव, कर्जे आणि अखेरची दिवाळखोरी यांची हकीकत सांगतात. पहिल्या लेखनात पैसा हा कलेच्या वाटेतला अडथळा असतो आणि दुसऱ्यात कला ही गृहीत धरलेली गोष्ट असते, त्यामुळे संगीत नाटकाचे रूप जसे घडले तसे ते का घडले, हा प्रश्न दोहोंच्या मधल्या जागेत पडून राहतो. पदांची संख्या, त्यांची लांबी, ती कोणी गायची आणि किती वेळा गायची या वरकरणी निव्वळ कलात्मक वाटणाऱ्या बाबी तिकीटविक्रीशी आणि मंडळीच्या मासिक खर्चाशी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या, की एकीचा विचार दुसरीला वगळून करणे म्हणजे अर्धेच नाटक पाहून उठण्यासारखे आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा गाण्याची जबाबदारी प्रामुख्याने सूत्रधारावर आणि त्याच्या साथीदारांवर होती. पात्रांनी प्रवेश करावा, सूत्रधाराच्या पद्यातून कथा पुढे सरकावी आणि पात्रांनी प्रसंगानुरूप उत्स्फूर्त भाषणे करावीत, अशी ती रचना होती. पुढे भाव्यांनी मुंबईत ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात तिकीट लावून प्रयोग केले, म्हणजे धंद्याचा पाया घातला गेला. तरीही या रचनेत गाणारा मनुष्य मुख्यत्वे एकच असल्याने बाकीच्या नटांची अदलाबदल मंडळीला फारशी जड जात नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी केलेला मूलभूत बदल म्हणजे पात्रांची पदे पात्रांच्याच तोंडी दिली. पारशी मंडळ्यांच्या संगीतप्रधान खेळांची प्रेरणा त्यामागे होती, असे सांगितले जाते. कलेच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व सर्वमान्य आहे, कारण त्यामुळे भावना आणि स्वर एकाच देहात आले. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम याहून दूरगामी ठरला. ज्याला अभिनयही येतो आणि गाणेही येते, शिवाय ज्याला स्त्रीभूमिका शोभते, असा नट ही दुर्मीळ वस्तू असते, आणि नव्या रचनेत संपूर्ण मंडळीचे उत्पन्न त्या दुर्मीळ वस्तूवर अवलंबून राहू लागले.

किर्लोस्कर मंडळीचा पुढचा इतिहास हा या अवलंबित्वाचा इतिहास आहे. १८८५ मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले तरी मंडळी टिकली, कारण बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर गात होते; १९०१ मध्ये भाऊराव गेले तेव्हा मात्र तिला ओहोटी लागली, आणि १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत आल्यावर ती पुन्हा उभी राहिली. अर्थात ज्याच्यामुळे घर भरते, त्याला भाडेकरू म्हणून राहणे फार काळ रुचत नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यापूर्वीच, १ जानेवारी १९०८ रोजी, केशवराव भोसले यांनी वयाच्या अठराव्या वर्षी हुबळी येथे ललितकलादर्शची स्थापना केली होती. आणि १९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळीतले दीनानाथ मंगेशकर हे चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडून बळवंत संगीत मंडळीचे भागीदार झाले. या फाटाफुटींची कारणे सांगताना स्वभावदोष, मानपान आणि मत्सर यांवर भर देण्याची प्रथा आहे, आणि ते सर्व तेथे असेलही. परंतु तीन वेगवेगळ्या स्वभावांचे तीन गायकनट दहा वर्षांच्या अवधीत एकाच प्रकारचा निर्णय घेतात, तेव्हा कारण माणसांपेक्षा रचनेत शोधणे अधिक युक्त ठरते. पगारदार नट मंडळीला जे मिळवून देतो आणि मंडळी त्याला जे देते, यांतील तफावत भरून काढण्याचा त्या काळी उपलब्ध असलेला मुख्य मार्ग स्वतः मालक होणे हाच होता.

येथे एक तुलना उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तेथील व्यावसायिक नाट्यगृहांच्या परिसरात, ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीतक १९८८ पासून २०२३ पर्यंत मॅजेस्टिक या एकाच नाट्यगृहात राहिले आणि त्याचे १३,९८१ प्रयोग झाले. त्या पद्धतीत नाटक स्थिर असते, नट बदलत राहतात; प्रेक्षक शहरात येतो आणि ठरलेला, काटेकोर बांधलेला प्रयोग पाहतो. मराठी मंडळीचे गणित नेमके उलटे होते. गाव लहान, प्रेक्षक मर्यादित, त्यामुळे एका मुक्कामावर एकच नाटक फार दिवस चालणे शक्य नव्हते. म्हणून मंडळी पाचसात नाटके बरोबर घेऊन मुंबई, पुणे, बडोदे, इंदूर, नागपूर, हुबळी अशी फिरत असे, आणि आज ‘शारदा’, परवा ‘सौभद्र’, त्यानंतर ‘मृच्छकटिक’ असे खेळ लावत असे. येथे नाटक बदलत होते आणि गायकनट स्थिर होता. तेच नाटक दहाव्यांदा पाहायला येणाऱ्या प्रेक्षकाला गोष्ट पाठ असे. त्याला पुन्हा खेचून आणणारी गोष्ट म्हणजे आज ते पद कसे रंगते हे कुतूहल.

या कुतूहलाने पदाचे स्वरूपच पालटले. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पद्ये आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा कीर्तन-आख्यानाच्या परंपरेतून आलेल्या जातिवृत्तांत आहेत. थोडक्या ओळींत माहिती द्यावी, संवादाला संवाद जोडावा आणि कथा पुढे ढकलावी, हे या वृत्तांचे काम. ती गाण्यासाठी असली तरी आळवण्यासाठी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले, तोपर्यंत पद्यांची संख्या पन्नास-साठच्या घरात उतरली होती आणि प्रत्येक पदाचा विस्तार मात्र वाढला होता. गोविंदराव टेंबे यांनी त्यात ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरब अंगाच्या चाली आणल्या. पुढे ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचे वळण पदांना दिले. नाटकात शास्त्रीय संगीत आल्याने सामान्य श्रोत्याचे कान तयार झाले, असे यावर नेहमी म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की साकी-दिंडी गळत गेल्या तसे कथा पुढे नेण्याचे काम संपूर्णपणे गद्याकडे गेले आणि पद हे कथेला क्षणभर थांबवून उभे राहणारे स्वतंत्र आकर्षण झाले.

वन्समोअरची प्रथा याच घडणीतून समजते. प्रेक्षकाने ओरडावे, गायकनटाने तेच पद पुन्हा, पण नव्या जागा घेऊन गावे, आणि नाटक उत्तररात्रीपर्यंत लांबावे, याचा समीक्षकांनी पुष्कळ उपहास केला आहे. नाट्यदृष्ट्या त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. विरहाने व्याकूळ झालेली नायिका तेच दुःख तिसऱ्यांदा मागणीबरहुकूम व्यक्त करू लागली, की तिच्या व्याकुळतेवर विश्वास ठेवणे अवघड होते. परंतु वन्समोअर हा मंडळीच्या दृष्टीने पुढच्या खेळाचा विनामूल्य जाहिरातफलक होता, आणि कोणते पद ठेवावे, कोणते गाळावे, याचा निवाडा देणारी रोजची मतमोजणीही. समीक्षक ज्याला रसभंग म्हणत होते त्यावरच मंडळीची चूल पेटत होती, ही अडचण त्यांनी क्वचितच विचारात घेतली.

ती चूल मोठी होती. मंडळी म्हणजे केवळ नटांचा संच नव्हे. तो एक फिरता संसार असे, ज्यात नट, साथीदार, तालीम मास्तर, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, आचारी आणि शिकाऊ मुले एका बिऱ्हाडात राहत, एका पंगतीत जेवत आणि खेळ असो वा नसो, त्यांचा खर्च चालू राही. गंधर्व मंडळीने या खर्चाला वैभवाची जोड दिली. भरजरी शालू, मखमली पडदे, अत्तराचा घमघमाट, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे पहिल्या प्रतीचे साथीदार: बालगंधर्वांच्या लेखी यांत काटकसर करणे म्हणजे मायबाप प्रेक्षकांची फसवणूक होती. मंडळी कर्जात रुतली आणि धनकोंच्या व्यवस्थेखाली खेळ करून ते कर्ज फेडण्यात तिची उमेदीची वर्षे गेली. याला उधळेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रयोगकलांच्या अर्थशास्त्राचा पाया घालणारे विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात एक मूलभूत अडचण दाखवून दिली आहे: कारखान्यात यंत्रामुळे दरडोई उत्पादन वाढते आणि त्याबरोबर मजुरीही वाढते, तर प्रयोगकलेत उत्पादन वाढू शकत नाही, कारण चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनीही चौघांनीच आणि तितक्याच वेळात वाजवावी लागते, मजुरी मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढत जाते. खर्चाची ही चढण कोणत्याही मालकाच्या काटकसरीने सपाट होत नाही. बालगंधर्वांनी शालू सुती घेतले असते, तरी ती काही वर्षे पुढे ढकलली गेली असती, इतकेच.

म्हणूनच बोलपटाने संगीत नाटक मारले, हे प्रचलित विधान अपुरे वाटते. १९२३ पासून मुंबई प्रांतात करमणूक कर लागू झाला होता, आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आल्यावर नाटकगृहांच्या मालकांना फिरत्या मंडळीपेक्षा फिल्मचा डबा अधिक किफायतशीर वाटला, हे निर्विवाद आहे. पण बोलपट येण्याच्या पुष्कळ आधी ग्रामोफोनने तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत पद बसवून दाखवले होते. पद नाटकापासून सुटे होऊ शकते, त्याला कथेची, पडद्यांची किंवा बिऱ्हाडाची गरज नाही, ही गोष्ट मंडळ्यांनी स्वतःच दोन दशके प्रेक्षकांना शिकवली होती. तबकडीने आणि नंतर बोलपटाने तो धडा पुरा केला. खुद्द मालकही त्याच वाटेने गेले. बळवंत मंडळीने चित्रपटसंस्था काढून १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ केले, तर बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथांची भूमिका केली, दोघांनाही तेथे स्थैर्य मिळाले नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’त मोजकी गाणी, स्त्रीभूमिकांत स्त्रिया आणि आटोपशीर प्रयोग असा वेगळा मार्ग दाखवला, पण ती संस्था अल्पायुषी ठरली.

साठीच्या दशकात संगीत नाटक पुन्हा गर्दी खेचू लागले तेव्हा त्यामागची व्यवस्था बदलली होती. आता निर्मात्याला बिऱ्हाड पोसावे लागत नव्हते. नट आणि साथीदार ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेल्या मानधनावर काम करत, बाकीचे दिवस त्यांचे ते पाहून घेत. नाट्यगृह ठरावीक सत्रापुरते मिळत असल्याने प्रयोग तीन तासांत आटोपणे भाग होते. ही मर्यादा कलेला मानवली, असे म्हणण्यास जागा आहे. भालचंद्र पेंढारकरांच्या ललितकलादर्शने विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) वसंत देसाई यांच्या संगीतासह आणले. गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) केले, आणि त्यात जितेंद्र अभिषेकी यांनी पदाला पुन्हा आटोपशीर, प्रसंगाला धरून राहणारे रूप दिले. ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) मध्ये तर कानेटकर-अभिषेकी जोडीने रागदारीची मिरास बाजूला ठेवून गाणे संवादाइतके हलके केले. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

या काळातील सर्वांत बुद्धिमान उत्तर मात्र पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ने (१९६७) दिले. पद कथेला थांबवते, हे संगीत नाटकाचे जुने दुखणे. दारव्हेकरांनी दोन गायकी आणि त्यांच्यातील वैर हीच कथा केली, त्यामुळे खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे गाऊ लागले की नाटक थांबत नसे, तेथेच ते घडत असे. नाट्यसंपदेचे निर्माते प्रभाकर पणशीकर यांच्यासमोर तरीही किर्लोस्करांचाच प्रश्न नव्या वेशात उभा होता, कारण अशी भूमिका पेलणारा दुसरा गळा सहज सापडण्यासारखा नव्हता. ‘कट्यार’चे पुनरुज्जीवन २०१० मध्ये झाले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्या गळ्याच्या बळावर.

गोव्यात खर्चाची अडचण वेगळ्या रीतीने सुटली आहे. तेथील देवळांच्या उत्सवांत आणि कला अकादमीच्या स्पर्धांत हौशी मंडळे आजही पूर्ण लांबीची संगीत नाटके करतात, पण ती तिकिटाच्या उत्पन्नावर चालत नाहीत. तिकिटावर जगणाऱ्या रंगभूमीला इतर मार्ग शोधावे लागतात. प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने (२०१७) आवली आणि रखुमाई या दोनच पात्रांवर संपूर्ण नाटक उभे केले, दौऱ्याच्या खर्चाला पेलवणारी ही पात्रसंख्या त्या कथेच्या एकांताला इतकी साजेशी आहे, की काटकसर कोठे संपते आणि कला कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. सर्वच नाटकांना हे साधत नाही. साथीदारांच्या मानधनाचा बोजा टाळण्यासाठी ध्वनिमुद्रित संगीतावर गाण्याची पद्धत आता रूढ होत आहे, आणि तिच्यात लय, मात्रा व आवर्तने आधीच ठरलेली असल्याने गायकनटाला एखादी जागा सुचली तरी ती घेण्यास अवकाश उरत नाही. प्रेक्षकांनी वन्समोअर दिलाच, तर तीच मुद्रित साथ पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.