वेग कुणाचा?

15 सप्टेंबर 1990 ला रोह्यात कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. 26 जानेवारी 1998 ला अख्ख्या लाईनीवर गाडी धावली. नाव झालं ई. श्रीधरन यांचं. खोटं नाही ते. वरचा माणूस निर्णय अडवत नसेल, तर खालचे हात रिकामे थांबत नाहीत.

पण पेण-रोह्याच्या कुठल्याही बांधकामावर बघा. वेगाचे बाप दोन : वेळेवर आलेली खडी, नि मुकादमाची शिवी. दोन्हींनी काम सरकतं. शिवीचा वेग मात्र बिगाऱ्याच्या हाडांतून निघतो. गिरणीत मीही हेच बघतो.

मजूरमंत्री बाबासाहेबांनी 1946 साली कारखान्यातले आठवड्याचे 54 तास 48 वर आणले. म्हणजे घामालाही हद्द असते. दमलेला माणूस न भिता खाली बसू शकतो का, यावर पुढारी मोजा. चळवळीतल्या मुकादमांनाही हीच फूटपट्टी लावा.