न दिसणे आणि नसणे : अहीर माशाच्या जन्माचा प्रश्न

एखादी गोष्ट नाही हे माणसाला कशाने कळते, हा भारतीय दर्शनांतला जुना वादविषय आहे. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांनी अभावाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र प्रमाण मानले; पुढे ते अनुपलब्धी या नावाने रूढ झाले. नैयायिकांनी जमिनीवर घडा नसल्याचे ज्ञान प्रत्यक्षात घातले, तर बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू मानले. मात्र या वादातून एक अट पक्की झाली : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

या अटीची कसोटी अहीर माशाच्या कुळाने शतकानुशतके घेतली. सापासारखा लांब, बुळबुळीत अहीर गोदावरीसह भारतातल्या अनेक नद्यांत आढळतो. पाठीवर काटे असलेली नदीतली वाम वेगळी. ती गोड्या पाण्यातच अंडी घालते. अहीर समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्र गाठतो. युरोपातला त्याचा भाऊबंद कितीही कापला तरी पोटात गाभोळी सापडत नसे, म्हणून तो चिखलातून उपजतो असे ॲरिस्टॉटलने ठरवले. ऐतरेय उपनिषदातही अंडज, जारुज आणि उद्भिज्ज यांच्या जोडीला स्वेदज, म्हणजे घाम-ओलाव्यातून उपजणाऱ्या जीवांचा, वर्ग आहे. छांदोग्यात तो वेगळा सांगितलेला नाही.

ॲरिस्टॉटलच्या निरीक्षणात खोट नव्हती. अट पुरी झालेली नव्हती. नदीतल्या या माशाची गाभोळी डोळ्यांना दिसण्याजोगी नसतेच. मेंदूतले डोपामिन पिट्युटरी ग्रंथीला रोखून धरते, त्यामुळे बीजांडकोश वर्षानुवर्षे कोवळाच राहतो. कण्यालगत झालरीसारखी दुमडलेली ती पांढुरकी पट्टी चरबीच वाटते. परतीची वेळ आली की डोळे मोठे होतात, पोट रुपेरी होते, आतडे आकसते आणि खाणे थांबते. तरीही युरोपीय मादी समुद्राकडे निघते तेव्हा बीजांडकोशाचे वजन शरीराच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असते. पूर्ण पक्वता समुद्रातल्या प्रवासात येते आणि प्रजननानंतर मासा मरतो. पिकलेली मादी नदीत हाती लागणारच कशी?

ही कोंडी दोन वाटांनी फुटली. एक वाट अधिक बारकाईने पाहण्याची : १७७७ मध्ये कार्लो मोंदिनींनी बीजांडकोश ओळखला, १८७४ मध्ये सिर्स्कींनी नराचा अवयव दाखवला आणि १८७६ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने त्याच्या शोधात सुमारे ४०० मासे कापले. दुसरी वाट मीमांसकांच्या अर्थापत्तीची. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ असेल, तर तो रात्री जेवतो असे मानावेच लागते. तसेच मोठे मासे समुद्राकडे जातात आणि पिल्ले समुद्रातून येतात, तर जन्म समुद्रातच होतो असे मानावे लागते. योहानेस श्मिट यांनी हाच धागा धरून अटलांटिकमध्ये लहानाहून लहान अळ्या शोधत सारगासो समुद्र गाठला. जपानी जातीची समुद्रातली अंडी २००९ मध्ये मारियाना बेटांजवळ हाती आली. सारगासोत अंडे मिळाले नसतानाही तिथला जन्म अभ्यासक मान्य करतात, तो याच बळावर.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न आता उलट बाजूने उभा राहतो. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेच्या समुद्राकडे जाते, वैतरणा पश्चिमेच्या. गोदावरीवर १८५२ पासून धवळेश्वरमचा बंधारा, पुढे गंगापूर आणि जायकवाडीची धरणे उभी राहिली. समुद्रातून चढणाऱ्या पिल्लांची वाट त्यांनी अडवली. अशा नदीच्या वरच्या भागात अहीर दिसत नसेल, तर तो तिथून संपला असे म्हणावे का? हा रात्री वावरणारा, दगडांच्या कपारीत दडणारा मासा आहे. योग्य हंगामात, रात्री, योग्य जाळ्यांनी शोध घेतल्यावरच त्याचे न आढळणे प्रमाण ठरते. तसा शोध न घेता केलेली घोषणा चिखलातल्या जन्माइतकीच निराधार असेल. आणि नीट शोधूनही तो आढळला नाही, तर केवळ आशेपोटी तो असल्याचे मानत राहणेही तितकेच अप्रामाणिक ठरेल.