वकिलीचे शिक्षण : आधी कोर्ट ठरवा, मग कॉलेज

दिवाळीच्या तोंडावर देवणी तालुक्यात सोयाबीनच्या राशी होतात. घरात वर्षभराचा पैसा येण्याचे हे दिवस, आणि वर्षभराचे निर्णय होण्याचेही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' या प्रवेश परीक्षेचे अर्जही याच सुमारास भरले जातात; परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला असते. लातूर पॅटर्नच्या आपल्या जिल्ह्यात वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' म्हणजे काय हे शेतमजुराच्या घरातही ठाऊक आहे. वकिलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की मात्र बहुतेक घरांत एकच विचारणा होते : कॉलेज कोणते चांगले? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. आपले मूल वकील होऊन कुठे उभे राहणार, हा पहिला. त्याचे उत्तर ठरवल्याशिवाय लाखांची फी भरणे कोरडवाहू भागातल्या कुटुंबाला परवडत नाही.

आधी मूळ गोष्ट लक्षात घेऊ. कायद्याच्या पदवीच्या दोन वाटा आहेत : बारावीनंतर पाच वर्षे, किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षे. दोन्हींच्या शेवटी सनद एकच, ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली मिळणारी. लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयातून बाहेर पडलेला वकील आणि बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधून बाहेर पडलेला वकील यांच्या सनदेत अक्षराचाही फरक नसतो. अखिल भारतीय बार परीक्षा दोघांनाही द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला की, नोंदणीसाठी खुल्या वर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही. म्हणजे बारचा दरवाजा सर्वांना सारखाच उघडा आहे. तिथवर पोहोचण्याचा खर्च तेवढा वेगळा आहे, आणि तो फार वेगळा आहे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या अनुदानित महाविद्यालयात वर्षाची फी हजारांत मोजली जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला साधारण अडीच ते चार लाख लागतात. काही खासगी विद्यापीठांत हा आकडा दुपटीपर्यंत जातो. पाच वर्षांचे पंधरा लाख धरले, तर २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी, ते सुमारे २८० क्विंटल सोयाबीन होते. बाजारात हमीभाव हाती पडतोच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे उरतो तो कर्जाचा मार्ग.

हे कर्ज केवळ पैशाचा व्यवहार नसते. पंधरा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता एकोणीस हजार आठशेच्या आसपास बसतो. आता दुसरा आकडा पाहा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना दरमहा किमान विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली : शहरात २०,००० रुपये, ग्रामीण भागात १५,०००. ही नुसती शिफारस आहे. तालुक्याच्या कोर्टात पहिली दोन-तीन वर्षे सिनिअरच्या हाताखाली काढणाऱ्या मुलाला याहून कितीतरी कमी मिळते. शिफारस तंतोतंत पाळली गेली, तरी गावाकडच्या ज्युनिअरला हप्ता भरता येत नाही. मग कर्ज घेतलेला मुलगा उदगीरला किंवा लातूरला वकिली करायला येणारच नाही. तो मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जाईल. त्याला तिथेच जायचे असेल तर उत्तमच. पण त्याला कोर्टात उभे राहायचे होते आणि हप्त्याने त्याला कंपन्यांच्या करारनाम्यांकडे नेले, तर निर्णय त्याचा राहिला नाही, बँकेचा झाला.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची कल्पना मुळात यासाठी नव्हती. कायद्याचे अध्यापक माधव मेनन यांच्या पुढाकाराने बेंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये सुरू झाली, ती बारला आणि समाजाला चांगले वकील मिळावेत म्हणून. पुढे १९९१ चे आर्थिक उदारीकरण आले, परदेशी भांडवल आले, करार लिहिणाऱ्या तल्लख पदवीधरांना मोठे पगार मिळू लागले आणि हुशार मुलांचा ओघ तिकडे वळला. फी वाढली तसा तो ओघ पक्का झाला. महाराष्ट्राने २०१४ चा कायदा करून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे उभी केली. आपल्या विभागात असे विद्यापीठ असणे ही अभिमानाची बाब आहे. पण त्याच्या प्रवेशाची परीक्षा इंग्रजीतच होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी त्या परीक्षेत बुद्धीने मागे पडत नाही, भाषेने मागे पडते. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा.

आता तालुक्याच्या कोर्टाकडे पाहू. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, पण राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. येथे येणारे दावे वाटणीचे, बांधाचे, वहिवाटीचे, पोटगीचे, धनादेश न वटल्याचे. शिवाय मराठवाड्याचा इतिहास वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे कुळांसाठी इथे हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा लागू आहे, पश्चिम महाराष्ट्राचा नव्हे. जमिनीचा मूळ पुरावा शोधताना खासरा पाहणी पत्रकापर्यंत जावे लागते. त्याही मागे गेले तर उर्दू कागद आणि फसली सनाच्या नोंदी लागतात. देवणीची शीव बीदर जिल्ह्याला, म्हणजे कर्नाटकाला भिडते. एकाच घराची जमीन आणि सोयरीक दोन राज्यांत असते. हे ज्ञान महानगरातल्या वातानुकूलित वर्गात मिळत नाही. ते तलाठी सज्जात, तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि जुन्या जाणत्या वकिलाच्या कार्यालयात मिळते.

म्हणून छोट्या गावच्या पदवीला कमी लेखू नये. उज्ज्वल निकम जळगावात कायदा शिकले आणि जळगावच्याच जिल्हा न्यायालयात उभे राहिले. पुढे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा आणि कसाबचा खटला त्यांनी सरकारच्या वतीने चालवला. भूषण गवई अमरावतीत कायदा शिकले आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. ही माणसे असामान्य आहेत, प्रत्येकाचे असे होणार नाही, हे मान्य. पण त्यांना घडवले ते पदवीनंतरच्या वर्षांनी : सिनिअर कोण मिळाला, वाचन किती केले, किती साक्षीदार तपासले. वकिलीत कॉलेजचे नाव पहिल्या नोकरीपर्यंत पोहोचवते. त्यापुढे नाव स्वतःचेच लागते.

न्यायाधीश होण्याचे स्वप्न आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्यांच्यासाठी एक मोठा बदल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरली जातात. म्हणजे पदवीनंतर तीन वर्षे कमी उत्पन्नाची काढावीच लागणार. डोक्यावर मोठे कर्ज असलेल्या मुलाला ती काढता येणार नाहीत. न्यायाधीश व्हायचे असेल तर स्वस्त आणि शिस्तीचे कॉलेज, त्यानंतर जिल्हा न्यायालयात खरी वकिली, हाच शहाणपणाचा रस्ता.

मग राष्ट्रीय विद्यापीठात जाऊच नये का? जरूर जावे. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, आंतरराष्ट्रीय लवाद, मोठ्या फर्म, कायद्याचे संशोधन यांसाठी तिथले शिक्षण आणि ओळखी यांना तोड नाही. उद्या सरकारची धोरणे लिहिणाऱ्यांत मराठवाड्याचा आवाज हवा असेल, तर आपली काही मुले तिथे असायलाच हवीत. फक्त त्यांनी मदतीची दारे आधी ठोठावावीत. राज्याच्या विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'आयडिया' ही संस्था गरीब घरातल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ केले आहे. आपले कॉलेज आणि अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

सगळ्यांत तोट्याचा सौदा मधला आहे : फी राष्ट्रीय विद्यापीठाएवढी किंवा जास्त, आणि नाव कुणाला माहीत नाही. चकचकीत इमारत आणि माहितीपुस्तक पाहून अशा ठिकाणी जमीन विकून प्रवेश घेऊ नका. प्लेसमेंटचे आकडे विचारा. सर्वांत मोठा पगार विचारू नका, मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले ते विचारा.

स्थानिक महाविद्यालयांनाही सूट नको. अनेक ठिकाणी हजेरी कागदावर, शिक्षक तासिका तत्त्वावर आणि अभ्यास गाइडवर, अशी स्थिती आहे. गरिबाच्या मुलासाठी स्वस्त कॉलेज हाच एक रस्ता असेल, तर ते कॉलेज चांगले असणे ही शासनाची जबाबदारी आहे. पूर्णवेळ प्राध्यापक, मराठीतले दर्जेदार कायदा-ग्रंथ, अभिरूप न्यायालय आणि दुसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष कोर्टाचा अनुभव, एवढी मागणी प्रत्येक पालक सभेत व्हायला हवी. जिल्हा वकील संघांनी गरजू ज्युनिअरांसाठी विद्यावेतन निधी उभारावा. त्याला फार पैसा लागत नाही, इच्छा लागते.

या दिवाळीत तुमच्या घरात हा विषय निघाला, तर मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन एक दिवस जवळच्या कोर्टात बसा. तिथले कामकाज पाहून तिला तेच काम करावेसे वाटले, तर लातूर-नांदेडच्या कॉलेजात निःसंकोच प्रवेश घ्या आणि वाचलेला पैसा पहिल्या तीन वर्षांच्या वकिलीसाठी बाजूला ठेवा. तिचे मन उच्च न्यायालयात किंवा मोठ्या फर्मकडे असेल, तर क्लॅटची तयारी मनापासून करा, शिष्यवृत्ती मिळवा आणि पाठवा. कर्ज घ्यावेच लागले तर तेवढेच घ्या, जे फेडताना तिला स्वतःची वाट सोडावी लागणार नाही.