मताधिकार कोणाचा?

देश सोडून दूर गेलेल्या नागरिकास स्वदेशाच्या कारभारात मत असावे काय, आणि परदेशातून येऊन येथे स्थायिक झालेल्यास ते द्यावे काय, हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळे चर्चिले जातात. आमच्या मते ती एकाच प्रश्नाची दोन अंगे होत : मताचा हक्क मायेने मिळतो, की भार वाहिल्याने?

आमच्या वाचकांस हा प्रश्न अपरिचित नाही. सोळाव्या शतकात श्रीमंगेशास कुठ्ठाळीहून प्रियोळास व श्रीशांतादुर्गेस केळशीहून कवळ्यास हलवावे लागले. कुळावी कारवार-मंगळूरपर्यंत पांगले. तथापि कुलदेवतेशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. महाजन मुंबईस राहिला म्हणून त्याचे महाजनपण जात नाही. उलट, देवळाच्या छायेत जन्म घालविलेल्या भाविकाचे नाव महाजनांच्या नोंदीत नसेल, तर समितीच्या निवडणुकीत त्यास मत नसते. देवस्थानापुरती ही रीत कोणास रुचो वा न रुचो. राज्यास ती जशीच्या तशी लागू पडत नाही. देवता कर बसवीत नाही, कोणास तुरुंगात धाडीत नाही. राज्य हे सारे करते. म्हणून ज्याच्या मस्तकी कायद्याचा भार, त्यास तो घडविण्यात वाटा, हे तत्त्व प्रथम मान्य करावे लागते.

परंतु एवढ्याच तत्त्वावर थांबलो, तर आखाती देशांत राबणाऱ्या गोमंतकीयाची गत काय? तेथे वीस वर्षे घाम गाळला तरी नागरिकत्व मिळणे जवळजवळ अशक्य. आईबाप, घर आणि परतीची वाट येथेच. त्याचे येथील मतही काढून घेतले, तर पृथ्वीच्या पाठीवर त्यास कोठेच आवाज उरत नाही. २०१० च्या दुरुस्तीने भारताने अशा नागरिकांस मतदारयादीत स्थान दिले, हे उचितच झाले. मात्र मत देण्यास गावी जातीने हजर राहावे लागते. म्हणजे विमानाचे भाडे ज्यास परवडते, त्याचाच हक्क खरा!

दुसरी बाजू पाहा. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारणाऱ्या गोमंतकीयाचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्यान्वये संपते. पुढे तो आपल्याच वाड्यावर राहिला, तरी ग्रामपंचायतीत त्यास मत नाही. पण जे लिस्बन त्याने कदाचित पाहिलेही नसेल, तेथील संसदेसाठी त्यास मत देता येते. परदेशस्थ नागरिकांसाठी तेथे ४ जागा आहेत. न्यूझीलंड तर स्थायी रहिवासी झालेल्या परकीयासही वर्षभराच्या वास्तव्यानंतर मत देते.

परकीयाची निष्ठा दुभंगलेली असते, असा आक्षेप घेतला जातो. युद्ध व तह यांच्या बाबतीत तो अगदीच पोकळ नाही. परंतु गावच्या नळास पाणी यावे, यात कसली आली दुहेरी निष्ठा? युरोपीय संघाने १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहाने सदस्य-राष्ट्रांच्या नागरिकांस, ते संघात जेथे राहतात तेथील स्थानिक निवडणुकीत मत दिले, ते याच विवेकाने.

तात्पर्य, जो परतणार आहे त्याचे मत राखावे व ते देण्याची सोयही करावी. जो येथेच राहणार आहे त्यास निदान गावच्या कारभारात वाटा द्यावा. कोणीही मनुष्य सर्वत्र परका ठरू नये, एवढी तरी काळजी धर्मबुद्धीच्या समाजाने घ्यावयास हवी.